लांबनाव्यांचा रंग

१० मार्च १९८३

चि. शंकाबाईस,

अनेक आशीर्वाद. तू मोजून घेशील म्हणून एक वरून.

तुझं पत्र आलं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतली नवी नोकरी, नवी खोली, हे सगळं तू दोन ओळींत उरकलंस आणि मालकीणबाईंच्या अंगणातल्या झाडावर पानभर लिहिलंस. म्हणजे तू माझीच भाची. पांढरं ऱ्होडोडेंड्रॉन, उशिरा फुलणारं आणि वास असलेलं! ते वाक्य मी तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यात वासाचंही असतं होय? मग आपल्या वाट्याला हा मुका कसा आला?"

आमच्या दुकानामागचं त्याच कुळातलं लाल झाड तुला माहीतच आहे. मामी त्याला लांबनावे म्हणते, कारण पूर्ण नाव घेईपर्यंत चहा गार होतो. यंदा लांबनावे असे काही फुललेत की घड्याळ दुरुस्तीला आलेली माणसं घड्याळ विसरून मागच्या दारात उभी राहतात. पण वासाच्या नावानं पूज्य. मामीचं म्हणणं, "दिसायला राजबिंडं, जवळ गेलं की काही नाही. थेट तुमच्या थोरल्या भावासारखं."

तर माझ्या डोक्यात एक किडा शिरलाय. आमचा रंग आणि तुमचा वास एका फुलात आणायचा. माझं एक गिऱ्हाईक रोपवाटिकेत काम करतं, त्यांनी रीत सांगितली. अडचण एवढीच की आमचं झाड मार्चात फुलतं आणि तुमचं जूनमध्ये. एक उठून गेल्यावर दुसरं येऊन बसतं, भेट व्हायची कशी? म्हणून आमच्याकडचे परागकोश काढून, सावलीत वाळवून सोबतच्या पुडीत पाठवतोय. कागद घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवायचा आहे. पुडी उघडताना शिंकू नकोस, नाहीतर सगळं वऱ्हाड उडून जाईल.

बी धरेल, रोप येईल, आणि फूल यायला सहा-सात वर्षं लागतील म्हणे. लागू देत. मला ते लाल, वासाचं फूल एकदा या डोळ्यांनी बघायचंय. बाकी हट्ट मी फारसे केलेले नाहीत, हे तू मामीला विचारू नकोस.

तुझा मामा


१९ मार्च १९८३

प्रिय मामा,

नमस्कार. पुडी पोचली. पोस्टमनने ती हातात दिल्यावर सरळ धरायची की आडवी तेच कळेना, म्हणून मी ती भरलेल्या कपबशीसारखी खोलीपर्यंत नेली.

जूनपर्यंत पराग टिकायचा तर तो कोरडा आणि थंड राहायला हवा. आमच्या प्रयोगशाळेत ओल शोषणारे निळे मणी असतात. त्यातले चिमूटभर मिळावेत म्हणून मी साहेबांना अर्ज दिला. त्यांनी अर्ज वाचून विचारलं, "एवढ्यासाठी अर्ज? कशाला हवेत?" मी खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "या खात्यात असा अर्ज पहिल्यांदाच आला," आणि सही केली. आता पुडी आणि मणी एका घट्ट झाकणाच्या बाटलीत आहेत.

थंडाव्याचा प्रश्न मालकीणबाईंनी सोडवला. त्या निवृत्त नर्स आहेत, आणि सगळी गल्ली त्यांना अजून नर्सबाईच म्हणते. त्यांच्या फ्रिजमध्ये जागा मागितली तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लोण्याशेजारी तुझा नवरदेव ठेवायचा? ठेव. पण जूनमध्ये नाही उचललास तर मी त्याला पोळीवर लावून खाईन."

मामा, मला एक भीती वाटते. प्रयोगशाळेत माझ्या हातून काही चुकलं तर दुपारपर्यंत कळतं. इथे चुकलं तर सहा-सात वर्षांनी कळणार, आणि तोवर तुम्ही वाट बघत बसणार. आपल्या घरात मी पहिली कॉलेजात गेलेली, म्हणून सगळे मला विचारतात. मी कुणाला विचारू? हे काम तुमच्या त्या गिऱ्हाइकाने केलं तर जास्त बरं होणार नाही का?

तुमची भाची


५ एप्रिल १९८३

चि. शंकाबाईस,

गिऱ्हाइकाकडे वासाचं पांढरं झाड नाही आणि त्याच्या हाताला माझा हात लागलेला नाही. सुईत दोरा ओवायला तुला मी शिकवलंय. तेव्हा हे तूच करायचं.

रीत नीट वाच. उद्या-परवा उघडेल अशी फुगलेली कळी निवडायची. तिच्या पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकायच्या, म्हणजे मधमाशीला उतरायला जागाच राहत नाही. मग आतले पुंकेसर चिमट्याने एकेक करून उपटायचे, नाहीतर झाड स्वतःचेच पराग स्वतःला लावून घेतं. मधे एक लांब दांडी उरेल. तिचं टोक चिकट होऊन चकाकलं की त्यावर आमचा पराग लावायचा. परागकोशाला टोकाशी भोक असतं. टिचकी मारलीस की पराग सुटा पडत नाही, बारीक दोऱ्यासारखा ओघळतो. मग फांदीला खुणेचा दोरा बांध.

आणि झाडाखाली कुदळ लावू नकोस. याची मुळं खोल जात नाहीत, चटईसारखी वरच पसरतात. तण दिसलं तर हाताने उपट, वर वाळका पाला पसर आणि सोडून दे.

सोबत चिमटा पाठवतोय. हो, तोच, ज्याला तू लहानपणी हात लावलास की मी ओरडायचो. मला आता मोठा चिमटा पुरतो.

मामीला ही सगळी योजना सांगितली तर ती म्हणाली, "लाल आणि पांढरं एकत्र केलं की काय होतं ते मला नका सांगू." मी म्हटलं, ते धुणं होतं, हे शास्त्र आहे.

मामा


२८ जून १९८३

प्रिय मामा,

झालं एकदाचं. तुम्ही तुमचा चिमटा दिलात, मला इतकं भरून आलं की पहिल्या दिवशी मी तो नुसताच टेबलावर ठेवला.

आधी नर्सबाईंची परवानगी घेतली होती, पण पाकळ्या काढतात हे सांगायचं राहिलं. मी चौथ्या कळीवर होते तेव्हा त्या बाहेर आल्या. "अगं अगं! वर्षभर वाट बघितलेली फुलं तू ओरबाडतेस?" मी घाबरून सगळी रीत त्यांना सांगितली. मग त्या चष्मा घालून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटचे दागिने उतरवतात तसं. मग आधी बोलायचं नाही का?" त्यानंतर त्यांनी माझे हात साबणाने धुवायला लावले आणि स्वतः खुणेचे दोरे कापून दिले. झाडाखाली वाकून उभ्या राहिल्या तर त्यांच्या केसांत पांढऱ्या पाकळ्या, आणि वास असा, की मी चिमटा खाली ठेवून आधी तो घेतला.

टोक चकाकतंय की मलाच तसं वाटतंय याची खात्री होईना, म्हणून तीन दिवस सकाळ-दुपार बघितलं. मग पराग लावला. अगदी तुम्ही लिहिलंत तसा, दोऱ्यासारखा.

आता एक शंका. तुम्ही "मोठा चिमटा पुरतो" लिहिलंत. बारीक घड्याळं तुम्ही कमी केलीत का? बरं केलंत. या वयात मान मोडून बसायचं कशाला?

तुमची भाची


११ जुलै १९८३

चि. शंकाबाईस,

शाबास. मामीनेही शाबास म्हटलंय, पण त्यापुढे "बघू" असंही म्हटलंय.

हो, बारीक घड्याळं कमी केली. भिंतीवरची आणि गजराची ठेवलीत. ती बरी, आवाजावरून कळतात.

ओळी वरखाली गेल्या असतील. नवीन पेन आहे, अंगवळणी पडायचंय.

मामा


४ फेब्रुवारी १९८४

प्रिय मामा,

बोंडं भुरी झाली आणि फुटायच्या आत मी ती काढून घरात वाळवली. आतलं बी बघून मला रडूच आलं. हे बी? ही तर तपकीर! तुम्ही शिंकू नकोस म्हणाला होतात, मी श्वाससुद्धा घेतला नाही.

पसरट कुंडीत ओलं शेवाळ दाबून त्यावर नुसतं शिंपडलं. वर माती घालायची नाही, याला उजेड लागतो. काच झाकली आणि दक्षिणेची खिडकी दिली. रोज कामावर जाताना बघायचे आणि काही नसायचं. काल नर्सबाई भिंग घेऊन बसल्या आणि ओरडल्या, "आली! तुझी पोरं आली!" हिरवे ठिपके, मामा. मोजता येणार नाहीत इतके. पाणी वरून घातलं तर वाहून जातील, म्हणून कुंडी परातीत ठेवून खालून पाजते, आणि तेही पावसाचं साठवलेलं, कारण या झाडाला चुना सोसत नाही. इथल्या नळाच्या पाण्यात चुना नाही, मीच तपासलंय, पण तरी.

तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. मामीचे गुडघे कसे आहेत?

तुमची भाची


२० फेब्रुवारी १९८४

चि. शंकाबाईस,

मामीचे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. माझ्या दुकानातल्या निम्म्या घड्याळांबद्दलही मला एवढंच सांगता येईल.

हिरव्या ठिपक्यांची बातमी मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय. एकाने विचारलं, "मुलीकडे का?" मी म्हटलं, "भाचीकडे. खूप झालीत." त्याने पेढे मागितले.

त्यातली तगडी ठेव, बाकीच्यांवर जीव अडकवू नकोस. ते तुला जमणार नाही हे माहीत असून लिहितोय.

पत्र थोडक्यात आहे. दुकानात गर्दी आहे.

मामा


२ ऑगस्ट १९८६

आदरणीय ताई,

आपण मला ओळखत नाही. मी मामांच्या दुकानाशेजारचा शिंपी. हे पत्र त्यांना न सांगता लिहितो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो.

मामांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. चार वर्षांपासून आहे. बाजूचं दिसायचं बंद होत होत आता समोरचंही फार थोडं राहिलं आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. गेलं वर्षभर तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवतो. तुमचं प्रत्येक पत्र "तुमचं अक्षर लहान का झालं, ओळी वाकड्या का" असं विचारतं, आणि ते प्रत्येक वेळी म्हणतात, "पेनावर ढकला." आता ढकलायला पेनं उरली नाहीत.

मामींना लिहिता-वाचता येत नाही, नाहीतर त्यांनीच कळवलं असतं. त्या म्हणाल्या, "भाचीला कळवा, पण रडू नको म्हणून लिहा." म्हणून लिहितो: रडू नये.

आपला,
शेजारचा शिंपी


३० ऑक्टोबर १९८६

प्रिय मामा,

घरी परत पोचले. गाडीत मी एकच विचार करत आले. चिमटा तुम्ही पाठवलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी लिहिलं, "बरं केलंत." मी इतकी शंकेखोर, आणि जिथे शंका घ्यायची तिथेच घेतली नाही.

तुम्ही स्टेशनावर म्हणालात, "डोळ्यांचं बोलू नकोस, झाडाचं बोल." बरं. झाडाचं बोलते.

मी आणलेली दोन रोपं आपण तुमच्या लाल झाडाशेजारी लावली. लावताना तुम्ही हाताने चाचपून माझी चूक काढलीत: "खोल गेलंय, वर घे, मुळ्यांना श्वास घेऊ दे." ती उंची तशीच राहू द्या. पाला पातळ झाला की मामीला घालायला सांगा. आणि मामी, हे तुझ्यासाठी: शिंपीबुवा वाचून दाखवतील. रोपांना नळाचं पाणी घालू नकोस. तुझ्याकडून बाटलीत आणलेलं पाणी मी तपासलं. त्यात इतका चुना आहे की भिंती रंगवता येतील.

माझ्याकडे आता तीनच रोपं ठेवली आहेत, बाकी रोपवाटिकेला दिली. राहिलेल्यांतलं एक चांगलं तरारलंय. नर्सबाई त्याला "थोरला" म्हणतात.

मामा, ते फुलेल तेव्हा तुम्हाला थोडंतरी दिसेल का? हे विचारायचं नव्हतं. खोडत नाही, कारण खोडलेलं शिंपीबुवा वाचून दाखवणारच.

तुमची भाची


१५ मे १९८८

चि. शंकाबाईस,

मी बोलतोय आणि शिंपीबुवा लिहितायत. त्यांचं अक्षर बघ, शिवणीसारखं सरळ. माझ्या ओळींबद्दल आता तुझी तक्रार राहणार नाही.

फूल दिसेल का, या तू दीड वर्षापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. त्यावर कागद वाया घालवू नकोस. दुकान मी बंद केलेलं नाही. लोक घड्याळं आणतात, मी कानाला लावतो, दुखणं सांगतो, आणि दुरुस्ती दुसरीकडे होते. एकाने विचारलं, "आजोबा, न बघता कसं कळतं?" मी म्हटलं, "तू न सांगता बायकोला कळतं तसं."

तुझ्या दोन रोपांपैकी एक पिवळं पडून गेलं. मामीने आजारपणात कुणाला तरी पाणी घालायला सांगितलं आणि त्याने नळ सोडला. ("मीच तो," असं लिहायला मामा मला भाग पाडत आहेत. — शिंपी) दुसरं जगलंय पण मागे पडलंय. आमच्याकडे काही लवकर फूल दिसायचं नाही. सगळी भिस्त तुझ्या थोरल्यावर.

मामा


२ मे १९९०

प्रिय मामा,

थोरल्याला कळ्या आल्या आहेत. पानांच्या नव्हेत. पानांची कळी टोकदार असते, ही बोटाच्या पेरासारखी गोल आहे. मी गेल्या पावसाळ्यानंतरच पाहिली होती, पण थंडीत गळेल या भीतीने कळवलं नाही. आता खवले सुटायला लागलेत. दोन गुच्छ आहेत. एक पुढे आहे, दुसरा सावलीच्या बाजूला आणि अजून घट्ट.

टोकाला लालसर दिसतंय. पण कळीचा रंग हा फुलाचा रंग नसतो, म्हणून त्यावर विसंबू नका. मीही विसंबत नाही. दिवसातून दोनदाच बघते. नर्सबाई म्हणतात सहादा.

तुमची भाची


१२ मे १९९०

चि. शंकाबाईस,

मामीने पत्र ऐकून चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी प्यायलो.

पाकळ्या उघडल्या की मला रंग लिही. वासाचंही लिही, पण आधी रंग. मला बघायचं होतं ते आता ऐकूनच बघायचंय. तेव्हा तू जे लिहिशील तोच माझ्यासाठी त्या फुलाचा रंग. बाकी काही म्हणत नाही. लाल असेल, नाही का?

मामा

(ताई, खालची ओळ मामांना वाचून दाखवलेली नाही. त्यांची तब्येत हिवाळ्यापासून नरम आहे. जेवण तर गेल्या महिन्यापासून निम्म्यावर आलं आहे. फूल कसंही निघो, आपण कृपा करून लाल आणि सुवासिक असंच लिहावं. एका शब्दाने कुणाचं काय जातं? — शिंपी)


३० मे १९९०

प्रिय मामा,

फूल उघडलं. शनिवारी उघडलं आणि आज बुधवार आहे. मधले दिवस मी पत्र लिहीत होते आणि फाडत होते.

पहिलं पत्र नर्सबाईंनी सांगितलं तसं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "लिही की लाल. त्यांना काय दिसणार आहे? तीस वर्षं मी पेशंटच्या उशाशी उभं राहून सांगत आले, आज तुमचा रंग बरा दिसतोय. कुणाचं वाईट झालं?" मी विचारलं, "त्यांना ते खरं वाटायचं?" त्या म्हणाल्या, "काहींना. जे मला ओळखत नव्हते त्यांना."

म्हणून जसं आहे तसं लिहिते. आमच्याकडे पाण्याचा आकडा जसा दिसतो तसाच लिहितात. तो वाईट असला तर त्याचं पुढे काय करायचं ते नंतर ठरवतात.

फूल लाल नाही, मामा. फिकट गुलाबी आहे. पहिल्या दिवशी जरा गडद होतं, दुसऱ्या दिवसापासून आणखी फिकं झालं. आत गळ्याशी गडद लाल ठिपके आहेत, तेवढाच तुमचा लाल. वास नाही. मी सकाळी घेऊन बघितला, उन्हात घेऊन बघितला, नर्सबाईंना आणि साहेबांच्या बायकोलाही घ्यायला लावला. नाही.

दुसरा गुच्छ अजून मिटलेलाच आहे, पण तो त्याच झाडाचा, तोही असाच निघणार.

तुम्ही म्हणालात, मी लिहीन तोच रंग. तुमच्या हातात मी लाल ठेवू शकले असते. मग तुम्ही आयुष्यभर माझ्या पत्रातलं फूल बघत राहिला असता, झाडावरचं नाही. मला ते जमलं नाही. रागावला असाल तर शिंपीबुवांना तसं लिहायला सांगा. पण जेवत जा.

तुमची भाची


९ जून १९९०

चि. शंकाबाईस,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मोजू नकोस.

तुझं पत्र वाचताना शिंपीबुवा मधेच अडखळले आणि म्हणाले, "पुढची ओळ पुसट आहे." मी म्हटलं, "ती मामीकडे द्या. तिला वाचता येत नाही, पण पुसट आहे की नाही ते दिसतं." मामी म्हणाली, "चांगली ठसठशीत आहे." मग वाचली.

आता माझं ऐक. आमचं मागे पडलेलं रोप एप्रिलातच फुललं. तुला कळवलं नाही. पहिला गुच्छ उघडला तेव्हा मी विचारलं, रंग काय? शिंपीबुवा म्हणाले, "लालभडक! आणि वास काय सुटलाय, मामा, दुकानापर्यंत!" समोरचे दुकानदार आले, तेही म्हणाले, लालभडक. डॉक्टर आले, तेही. मी फुलात नाक खुपसून उभा होतो. डोळे गेलेत, नाक अजून माझं मला आहे. वास काडीचा नव्हता. ज्यांनी वासाचं खोटं सांगितलं त्यांच्या रंगावर मी कसा विश्वास ठेवू? मामीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला हवा तसा आहे." चाळीस वर्षांत ती एवढं गोड कधी बोललेली नाही. तेव्हाच समजलो की काहीतरी बिनसलंय.

त्या दिवसापासून माझं जेवण उतरलं. फूल बिघडल्याचं दुःख नव्हतं, शंकाबाई. सगळं गाव माझ्याभोवती लाल रंग देत उभं होतं, आणि खरं काय ते मला कुणी सांगेना. एका रंगाचं असं, तर उद्या कशाचं खरं धरायचं? मी म्हटलं, थोरला फुलू दे. तो याचाच भाऊ. शंकाबाई काय लिहिते बघू. तीही लाल म्हणाली, तर मग मी खरोखरच आंधळा झालो.

तू गुलाबी लिहिलंस. मी दोन वेळा जेवलो.

(हे सगळं मी माझ्याच हाताने लिहितो आहे. मान खाली आहे. जन्मभर गिऱ्हाइकांना दोऱ्याचा रंग जुळवून दिला आणि इथे चुकलो. — शिंपी)

आता कामाचं. रोपवाटिकेवाले गिऱ्हाईक येऊन गेले. ते हसले. म्हणाले, पहिल्या पिढीत असंच होतं, रंग पातळ होतो आणि वास लपून बसतो. पण जात नाही. भावंडांचा एकमेकांशी संकर केला की नातवंडांत दोन्ही पुन्हा वर येऊ शकतात. मला लगेच पटलं. माझ्या आजीचं नाक दोन पिढ्या कुठे दिसलं नव्हतं, ते थेट तुझ्या चेहऱ्यावर उगवलं.

म्हणून आमच्या एप्रिलच्या गुच्छातले परागकोश मी तेव्हाच काढून ठेवले होते. बोटांनी काढले, एकही तुटला नाही. पुडी सोबत आहे, कागद तोच, स्क्रूचा. तुझा दुसरा गुच्छ मिटलेला आहे म्हणालीस, म्हणजे वेळ आहे. परत सहा-सात वर्षं लागतील. लागू देत. मामी म्हणते, "तोवर तुम्ही आहात होय?" मी म्हटलं, "तू माझ्याआधी उठून चहा करत राहिलीस तर."

आणि एक. गुलाबी म्हणजे नेमका कोणता? गुलाबी पन्नास असतात. शिंपीबुवांना विचारत नाही. तू सांग.

मामा


१८ जून १९९०

प्रिय मामा,

पुडी सुखरूप आली. दुसऱ्या गुच्छातल्या कळ्या वेळेवर फुगल्या होत्या. चिमटा तोच वापरला. या वेळी पाकळ्या नर्सबाईंनी स्वतः काढल्या, आधी हात धुऊन. टोक चकाकलं हे मला लगेच कळलं, तीनदा बघावं लागलं नाही. खुणेचा दोरा बांधला आहे.

रंग विचारलात. मी लहान असताना मामीने तुमचा लाल मफलर पांढऱ्या सदऱ्याबरोबर भिजवला होता. तुम्ही तो सदरा टाकला नाहीत, पुढे दोन-तीन वर्षं दुकानात घालून बसायचात, आणि कुणी हसलं की म्हणायचात, "बायकोने खास रंगवून घेतलाय." तो सदरा, मामा. नवा असतानाचा नव्हे, चार-पाच धुण्यांनंतरचा, कोपरापाशी जरा अजून फिका. मामीला विचारा, तिला आठवत असेल. ती नाही म्हणेल.

आणि आत गळ्याशी जे लाल ठिपके आहेत, ते तुमच्या मफलरचेच. अंगात तोच सदरा आहे आणि गळ्यात मफलर गुंडाळलेला.

तुमची,
शंकाबाई